भूकंप झाला की "शेवट आला" म्हणायचं का? (मत्तय २४ वर मनन)

आजचं वाचन: मत्तय २४:३-१४, लूक १३:१-५, अनुवाद २२:८



मित्रांनो, आजचा भाग जरा मोठा आहे. एका बैठकीत नाही झाला तर दोनदा वाचा, पण सोबत पवित्र शास्त्र उघडून ठेवा. मी इथे वचनं माझ्या शब्दांत सांगतोय, मूळ ओळी तुम्ही स्वतः वाचायच्या आहेत.

कुठेही मोठा भूकंप झाला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तासांत एक मेसेज फिरायला लागतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तान आणि सीरियात झाला तेव्हा फिरला, मार्च २०२५ मध्ये म्यानमारला झाला तेव्हाही फिरला. खाली मत्तय २४:७, वर लाल अक्षरांत "शेवट जवळ आला". कुठे ज्वालामुखी फुटला तर त्याच मेसेजला प्रकटीकरण ८:८ जोडलं जातं. आणि मग तरुण पोरं-पोरी विचारतात, "दादा, खरंच आलं का सगळं संपत?"

याच्याबरोबर एक दुसरा, जास्त जड प्रश्न मला आला. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका बहिणीने विचारला. तिचं कुटुंब किल्लारीच्या बाजूचं. एका प्रार्थना सभेत वक्ता म्हणाला की १९९३ चा भूकंप गणपती विसर्जनाच्या रात्री झाला, म्हणजे तो देवाचा कोप होता. तिने मला एवढंच लिहिलं: "माझी आजी त्या रात्री गेली. ती कोणत्या पापासाठी गेली, ते सांगाल का?"

या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय शेवटच्या काळावर बोलायचा आपल्याला अधिकार नाही, असं मला वाटतं. म्हणून आज नीट, पायरी पायरीने बघू.

१. येशूने आधी काय सांगितलं?

जैतुनांच्या डोंगरावर शिष्य विचारतात, हे केव्हा होणार आणि तुझ्या येण्याचं चिन्ह काय? उत्तराचा क्रम बघा. वचन ४ मध्ये प्रभू पहिलीच गोष्ट सांगतो ती ही, की कोणी तुम्हाला फसवू नये म्हणून सांभाळा. वचन ६ मध्ये लढायांच्या बातम्या येतील तेव्हा घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. मग वचन ७ मध्ये दुष्काळ आणि जागोजागी भूकंप. आणि वचन ८ मध्ये हा सगळा प्रसूतीच्या वेदनांचा फक्त प्रारंभ.

आपल्या मेसेजमध्ये वचन ७ असतं. ६ आणि ८ गाळलेलं असतं. कोड रिव्ह्यूमध्ये कोणी मधली एकच ओळ कॉपी करून आणली, आणि वरची अट, खालची अट सोडून दिली, तर आपण तो कोड पास करू का?

वेदनांचा दाखला आमच्या तिवस्याकडच्या म्हाताऱ्या बायांना लगेच कळतो. त्या म्हणतात, "कळा उठल्या म्हणजे आत्ताच लेकरू होते असं नसते, बापा." कळा खऱ्या असतात, लेकरू येणार हेही खरं असतं, पण कळ मोजून मिनिट सांगता येत नाही. पौल तर रोमकरांस ८:२२ मध्ये म्हणतो की सारी सृष्टीच आजवर वेणा देत कण्हत आली आहे. म्हणजे हे कण्हणं २०२३ ला सुरू झालेलं नाही.

२. पहिल्या वाचकांना भूकंप नवीन नव्हता

प्रकटीकरण वाचताना आपल्याला वाटतं, हे सगळं पुढचं, कोणी न पाहिलेलं. पण ज्या सात मंडळ्यांना ते लिहिलं, ती शहरं आजच्या तुर्कस्तानात होती आणि तिथली जमीन कायमच हलणारी. इसवी सन १७ मध्ये एका रात्रीत आशियातली बारा शहरं पडली. त्यात सार्दीस होतं, फिलदेल्फिया होतं. इसवी सन ६० मध्ये लावदिकीया पडलं, आणि रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने उभं राहिलं, असं टॅसिटस हा इतिहासकार नोंदवतो. "मी श्रीमंत आहे, मला काही कमी नाही" अशी लावदिकीयाची वृत्ती प्रकटीकरण ३:१७ मध्ये दिसते, तिच्या मागे ही पार्श्वभूमी आहे असं बरेच अभ्यासक मानतात.

ज्वालामुखीही त्यांनी पाहिला. इसवी सन ७९ मध्ये इटलीत व्हेसुव्हियस फुटला. प्रेषितांची कृत्ये २४:२४-२५ वाचा. सुभेदार फेलिक्स आणि त्याची बायको द्रुसिल्ला यांच्यापुढे पौल नीतिमत्त्व, संयमन आणि येणारा न्याय यांवर बोलतो. फेलिक्स घाबरतो आणि म्हणतो, सध्या जा, सवड मिळाली की बोलावीन. जोसेफस लिहितो की याच जोडप्याचा मुलगा अग्रिप्पा पुढे व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेला. मी इथे "बघा, न्याय झाला" असं म्हणत नाहीये. मी एवढंच म्हणतोय की पौलाने त्यांना ज्वालामुखीची भीती घातली नव्हती. त्याने त्यांच्या जगण्याबद्दल विचारलं होतं. सवड शोधायची असते ती त्यासाठी.

आणि अंत्युखिया? शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा जिथे मिळालं (कृत्ये ११:२६), ते हे शहर इसवी सन ११५ मध्ये हादरलं, ५२६ मध्ये उद्ध्वस्त झालं, आणि आजचं अंताक्या म्हणून २०२३ मध्ये परत पडलं. प्रत्येक वेळी कोणाला तरी वाटलं असेल, आता शेवट. प्रत्येक वेळी वाचलेल्यांनी मेलेल्यांना पुरलं आणि भिंती परत बांधल्या.

३. भूकंप वाढले आहेत का?

हा माझ्या धंद्यातला प्रश्न आहे. प्रॉडक्शनमध्ये तुम्ही लॉगिंग वाढवलं की डॅशबोर्डवर एरर एकदम वाढलेल्या दिसतात. सिस्टीम बिघडलेली नसते. आधी जे घडत होतं ते आता दिसायला लागलेलं असतं.

भूकंपाचं तसंच आहे. १९३१ मध्ये जगात साधारण ३५० भूकंपमापन केंद्रं होती, आज आठ हजारांहून जास्त आहेत. त्यामुळे लहान धक्क्यांची यादी फुगली. मोठे भूकंप मात्र लपत नाहीत, म्हणून मोजायचे तर तेच मोजा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या नोंदींप्रमाणे ७ किंवा जास्त तीव्रतेचे भूकंप वर्षाला सरासरी सोळाच्या आसपास होतात. १९८९ मध्ये फक्त सहा झाले, २०१० मध्ये तेवीसच्या आसपास. कमी-जास्त होतं, पण सतत चढणारी रेघ नाही.

ज्वालामुखींचंही हेच. कोणत्याही दिवशी जगात चाळीस-पन्नास ज्वालामुखी थोडेफार धुमसत असतातच. आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, म्हणून प्रत्येक उद्रेक आपल्या जेवणाच्या टेबलावर येतो.

तुम्ही म्हणाल, दादा, मग येशूचं वचन खोटं का? मुळीच नाही! त्याने जागोजागी भूकंप होतील म्हटलं, आणि ते होत आहेत. दरवर्षी वाढत जातील असा आलेख त्याने काढून दिलेला नाही. तो आपण वचनात घुसवलाय. जे वचनात नाही ते वचनाच्या नावावर खपवलं, आणि उद्या कॉलेजातल्या पोराने आकडे तपासले, तर तो आपल्यावर नाही, वचनावर शंका घेईल. नुकसान तिथे होतं.

हे आधीही झालंय. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी १७५५ चा लिस्बन भूकंप, १७८० चा काळोखा दिवस आणि १८३३ चा उल्कावर्षाव ही चिन्हं धरली, आणि २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की केली. तो दिवस आला आणि गेला. लोक रडले, अनेकांचा विश्वास मोडला. मत्तय २४:३६ त्यांच्याही पुस्तकात होतं.

४. भूकंप आणि ज्वालामुखी: नातं काय?

दोन्ही बहुतेक एकाच जागी होतात, कारण पृथ्वीच्या कवचाच्या मोठ्या तबकड्या जिथे एकमेकींना भिडतात किंवा दूर जातात तिथेच दगड तुटतो आणि वितळलेला रस वर यायला वाट मिळते. रस वर सरकताना लहान लहान धक्के बसतात, त्यावरून शास्त्रज्ञ उद्रेकाचा इशारा देतात. कधी उलटही होतं. २२ मे १९६० ला चिलीमध्ये ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला, मोजलेल्यांतला सर्वात मोठा, आणि दोन दिवसांत तिथला कोर्दोन काउये हा ज्वालामुखी फुटला. पण आधीच भरत आलेला ज्वालामुखीच असा ढकलला जातो. आपल्या देशात जागा ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट.

मग आपल्याकडे? वऱ्हाडची काळी माती, जिच्यावर आपली कपाशी आणि संत्री उभी आहेत, ती लाव्हाचीच आहे. विहीर खणली की आधी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण लागतो ना, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेला रस आहे, असं भूशास्त्र सांगतं. ती आग कधीच विझली. जगातल्या सर्वात मोठ्या उद्रेकांपैकी एकाच्या राखरांगोळीवर आज आपण भाकर खातोय. प्रकटीकरणातला जळता डोंगर वाचताना मला हेही आठवतं, की देवाने आगीतून शेत केलं.

आपल्याकडचे भूकंप ज्वालामुखीचे नाहीत. भारताची तबकडी उत्तरेकडे ढकलली जाते, त्या ताणाने जमिनीतल्या जुन्या भेगा सरकतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला झाला तो तर धरणाच्या पाण्याशी जोडला जातो. पाणी साठायला लागल्यावर लहान धक्के सुरू झाले होते, मग ६.३ च्या आसपासचा मोठा झाला आणि सुमारे १८० माणसं गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, धारणी तालुक्यातल्या साद्राबाडी भागात, लहान धक्क्यांची मालिका झाली. मेळघाट काही प्रकटीकरणाचा नकाशा नाही. जमीन आहे, हलते.

५. किल्लारीचा प्रश्न

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपलेली. तीव्रता ६.२. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावं जमीनदोस्त, सुमारे दहा हजार माणसं गेली.

६ च्या वरचे भूकंप जगात वर्षाला शंभराहून जास्त होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांत कोणी मरत नाही. मग किल्लारीला एवढी माणसं का गेली? धक्का उथळ होता, गावांच्या अगदी खाली होता. आणि घरं? दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छप्पर झोपेत अंगावर आलं. शिवाय तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या विभागात, म्हणजे विभाग एकमध्ये होता. कोणी सावध केलंच नव्हतं. पुढे २००२ मध्ये तो विभाग एकच काढून टाकला गेला.

आता त्या वक्त्याचा हिशोब तपासू. सणाची तारीख बघून पाप ठरवायचं असेल, तर १ नोव्हेंबर १७५५ चं काय करणार? लिस्बन, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्च भरलेली. भूकंप झाला आणि चर्चच लोकांवर पडली. २६ डिसेंबर २००४ चं काय? नाताळचा दुसरा दिवस. वेलंकन्नीच्या किनाऱ्यावर मरियेच्या देवळाला आलेले अनेक यात्रेकरू त्सुनामीत वाहून गेले. तेव्हा कोणता कोप होता? ज्या मापाने शेजाऱ्याला मोजलं ते माप आपल्या अंगणात आलं की आपण लपवतो.

आणि हा वाद आपण घालायची गरजच नाही, कारण प्रभूने तो मिटवलाय. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याची गोष्ट निघते. येशू स्वतःच विचारतो, ते यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच स्पष्ट नाही म्हणतो. मग तो बोट वळवतो ते ऐकणाऱ्याकडे: तुम्ही पश्चात्ताप करा. मेलेल्यांचा न्याय करायचं काम त्याने जिवंतांना दिलेलं नाही.

म्हणून त्या बहिणीला माझं उत्तर हे: ताई, तुमची आजी कोणत्याही खास पापासाठी गेली नाही. ती झोपली होती आणि तिच्यावर जड छप्पर पडलं. ज्याने तुम्हाला दुसरं काही सांगितलं, त्याने लूक १३ वाचलेलं नाही. तिच्यासाठी रडायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही. येशू लाजराच्या कबरेपाशी रडला, तिथे त्याने कोणाच्या पापाची यादी वाचली नाही.

देवाने भूकंपातून कधीच बोलू नये असं मी म्हणत नाही. येशूच्या मरणाच्या वेळी धरणी कापली, कबर उघडली तेव्हाही कापली. पण त्याचा अर्थ देवाने स्वतः सांगितला, आपण तर्काने काढला नाही. आणि १ राजे १९ मध्ये एलीयापुढे भूकंप झाला तेव्हा वचन उघड सांगतं की परमेश्वर त्या भूकंपात नव्हता. तो नंतरच्या मंद वाणीत होता.

६. मग शेवटच्या काळाचा विश्वास धरायचा कसा?

प्रभू परत येणार, हा माझा विश्वास आहे, आणि तो मी मागच्या बाकावर ठेवत नाही. प्रश्न एवढाच, की त्या विश्वासाने माणूस काय करायला लागतो.

आपल्या वऱ्हाडातलंच उदाहरण घ्या. अकोल्याला मुख्य ठाणं करून ज्या अलायन्स मिशनने इथे काम केलं, तिचा संस्थापक ए. बी. सिम्पसन. १८८७ मध्ये त्याने सुरुवात केली. येशू लवकर येणार, यावर त्याचा एवढा भर की "येणारा राजा" हा त्याच्या शिकवणीच्या चार खांबांपैकी एक. पण त्याची नजर मत्तय २४:१४ वर होती, सुवार्ता सर्व राष्ट्रांना पोहोचल्यावर शेवट. म्हणून त्याची माणसं जहाजात बसून वऱ्हाडात आली, मराठी शिकली. १८९६ ते १९०० च्या दोन मोठ्या दुष्काळांत आपल्या इलाख्यात मिशनांनी अनाथ लेकरं सांभाळली. दुष्काळ हेही वचन ७ मधलंच चिन्ह, बरं का. ते चिन्ह बघून त्यांनी चुली पेटवल्या. त्यांच्या सगळ्या गोष्टी मान्य करायची गरज नाही, पण हा धडा घ्या.

दुसरा धडा अनुवाद २२:८. नवं घर बांधशील तर गच्चीला कठडा बांध, नाहीतर कोणी पडला तर रक्ताचा दोष तुझ्या घरावर. देवाच्या नियमशास्त्रात बांधकामाचा नियम! पुण्यात, नागपुरात फ्लॅट घेणाऱ्यांनो, किचनच्या टाइल्स बघताना बिल्डरला हेही विचारा: इमारत भूकंपाच्या भारासाठी डिझाइन केली आहे का, स्ट्रक्चरल इंजिनीअर कोण? गावाकडे आई-बाबांचं जुनं घर असेल तर दिवाळीला गेल्यावर भिंतींच्या भेगा आणि छताचं वजन बघून या. किल्लारीनंतर हा पवित्र शास्त्राचाच अभ्यास आहे असं मी समजतो.

तिसरा धडा फिलिप्पैचा, कृत्ये १६. मध्यरात्री भूकंप, तुरुंगाची दारं उघडी, बेड्या सुटलेल्या. पौल आणि सीला पळत नाहीत. अधिकारी तलवार उपसून जीव द्यायला निघतो, तेव्हा पौल ओरडतो की आम्ही सगळे इथेच आहोत. त्या रात्री एक घर वाचलं ते जमीन हलल्यामुळे नाही. जमीन हलल्यावर कोणीतरी शेजाऱ्यासाठी थांबलं म्हणून.

आणि एक शेवटची गोष्ट, जी मला फार आवडते. मत्तय २४:७ मध्ये भूकंपासाठी मूळ ग्रीक शब्द आहे सेइस्मॉस. हाच शब्द मत्तयाने आणखी एका ठिकाणी वापरलाय, ८:२४ मध्ये, गालीलच्या समुद्रात उठलेल्या वादळासाठी. तिथे सेइस्मॉस सुरू होता, शिष्य ओरडत होते, आणि त्याच मचव्यात येशू झोपला होता. हलवणारी गोष्ट खरी होती. तो त्यांच्यासोबत होता हेही तेवढंच खरं होतं.

मननासाठी तीन प्रश्न

१. मागच्या वर्षभरात मी किती मेसेज न तपासता पुढे ढकलले? त्यांतून कोणाला भीती मिळाली, कोणाला आशा?
२. कोणाच्या दुःखाचं कारण मी मनातल्या मनात त्याचं पाप ठरवलंय का?
३. प्रभू उद्या आला, तर मी कोणतं अर्धवट काम करताना सापडावं असं मला वाटतं?

प्रार्थना

हे प्रभू, धरणी तुझी आहे आणि तिच्यावर राहणारी माणसंही तुझी आहेत. किल्लारीत, भूजमध्ये, अंताक्यात, म्यानमारमध्ये ज्यांची माणसं गेली, त्यांना आज तू जवळ घे. आमच्या तोंडून त्यांच्या जखमेवर मीठ पडू देऊ नकोस. तुझ्या येण्याची वाट पाहताना आम्हाला तारखा मोजणारे नको, कठडे बांधणारे कर. भूकंपानंतरची तुझी मंद वाणी ऐकायला आमचे कान उघडे ठेव. येशूच्या नावात मागतो, आमेन.

उद्याचं वाचन: मत्तय २४:४५-५१, वेळेवर अन्न देणारा दास. वाचून ठेवा, भेटूच.